तेल लावलेला उजेड

आमच्या गाडीचे पुढचे दिवे पांढरे पडायला किती वर्षं लागली हे मला सांगता येणार नाही, कारण गाडीकडे मी पुढून कधी बघितलंच नव्हतं. गाडी बायको चालवते. मी शेजारी बसतो आणि सूचना करतो. लायसन माझ्याकडेही आहे, पण ते मिळालं त्याच महिन्यात मी बाजाराच्या दिवशी ब्रह्मपुरीच्या भर चौकात गाडी बंद पाडली. मागच्या बसचा ड्रायव्हर खाली उतरला, मला बाजूच्या सीटवर सरकवलं आणि त्यानंच गाडी कडेला लावून दिली. तेव्हापासून मी सूचनांवर भागवतो.

बायको नर्स आहे. तिचं आरोग्य केंद्र वैनगंगेपलीकडे, पूल ओलांडून जंगलातल्या रस्त्यानं बरंच आत गेलं की लागणाऱ्या गावात. मी इथल्या कॉलेजात ग्रंथपाल. पाच वाजता कुलूप लावतो, सव्वापाचला घरी असतो आणि स्वतःचा चहा स्वतः केला याचा अभिमान झोपेपर्यंत बाळगतो. तिची ड्यूटी बरीच वर्षं सकाळची होती, त्यामुळे मी घरी यायचो तेव्हा ती आलेलीच असायची. त्या हिवाळ्यात तिथल्या दुसऱ्या नर्सबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि हिच्याकडे संध्याकाळी सहापर्यंतची ड्यूटी आली. डिसेंबरात सहा म्हणजे अंधारच. शेवटची बस तिथून पाचला सुटते, आणि जीपवाले सवारी भरल्याशिवाय हलत नाहीत.

गुरुवारी जेवताना तिनं विषय काढला.

"सोमवारपासून सहाची ड्यूटी हाय. गाडीच्या लाइटातून काही दिसत नाई. रविवारपर्यंत दुरुस्त करा, नाई तं मले तिथी खोली घ्या लागन. शनिवारी येत जाईन."

मुलगी शिकायला नागपुरात. म्हणजे सोमवार ते शनिवार घरात मी आणि माझा चहा. मी घाबरलो. आत्ता हे सरळ लिहितो आहे, कारण तेव्हा सरळ बोललो नाही. "मला करमणार नाही, खोली घेऊ नकोस," एवढी दोन वाक्यं बोलायची होती. मी म्हणालो, "त्यात काय एवढं? रविवारी घरीच करून टाकतो." तिनं ताटावरून मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि परत भात कालवायला घेतला.

शुक्रवारी कॉलेजातून येताना मी चाचांकडे गेलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं दुकान आहे. ते घरी येऊन दिव्यावर नख मारून गेले आणि दुकानात परतल्यावर म्हणाले, "ये काच नही है सर, प्लास्टिक है. ऊपर का पापुद्रा धूप में जल गया." नवी जोडी नागपुराहून मागवता येईल, किंवा दोन दिवस गाडी ठेवा, घासून देतो, असं त्यांचं म्हणणं. नव्या जोडीचा आकडा ऐकून मी दुसऱ्या गाडीकडे बघायला लागलो. गाडी दोन दिवस ठेवायची तर शनिवारी बायको कामावर कशी जाणार, हे कारण मला लगेच सापडलं. खरं कारण एवढंच की, घरी फुकटात होणाऱ्या कामाला पैसे देणं माझ्या जिवावर येतं.

"घरच्या घरी काही नाही का चाचा?"

चाचा तोवर दुसऱ्या गाडीखाली शिरले होते. आतून आवाज आला, "मंजन मारो. थोडा फरक पडेगा."

एवढं बास होतं. मला कोणी अर्धी गोष्ट सांगितली की उरलेली अर्धी मी स्वतःच्या अकलेनं भरतो. आमच्या घरात मंजन म्हणजे सासूबाईंचं काळं मंजन. धानाच्या तुसाची राख, त्यात मीठ आणि लवंग, असं कुटून त्या दर हिवाळ्यात बरणी भरून पाठवतात. रविवारी सकाळी बायको महिन्याच्या सामानाला बाजारात गेली आणि मी बरणी, वाटीभर पाणी आणि जुन्या बनियनचा बोळा घेऊन गाडीपुढं मांडी घालून बसलो.

मी मूळचा कोरपन्याकडचा. आमच्याकडे एका बाजूला कापूस आणि दुसऱ्या बाजूला सिमेंटचे कारखाने. लहानपणापासून मला पांढरं म्हटलं की धूळ माहीत, आणि धूळ म्हटलं की घासणं. तासभर मी ते दिवे घासले. काळा फेस खाली गळत होता आणि मला वाटत होतं, वा, काय मळ निघतोय! मळ नव्हता, मंजनच होतं. मग बादलीभर पाणी मारलं. दिवे असे लख्ख झाले की आतला बल्ब दिसला, बल्बमागची चकचकीत वाटी दिसली. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. मुलीनं टाळ्या पाठवल्या. कोरपन्याहून भावानं विचारलं, आमच्याही गाडीचं करून देतोस का? मी त्याला मोठेपणानं लिहिलं, घेऊन ये, बघू.

पंधरा मिनिटांत ऊन लागून पाणी वाळलं. दिवे आधीपेक्षा पांढरे दिसायला लागले आणि त्या पांढऱ्यावर माझ्या हाताची गोल गोल वळणं उमटली होती. आधी निदान एकसारखं धुकट तरी होतं. मी परत पाणी मारलं, लख्ख. परत वाळलं, पांढरं. असं तीनदा केलं. चौथ्या खेपेला माझ्या डोक्यात उजेड पडला की ओलं असेपर्यंत सगळं ठीक आहे. म्हणजे वाळणार नाही असं काहीतरी ओलं हवं.

स्वयंपाकघरात वरच्या फळीवर मोहाच्या बियांच्या तेलाची बाटली होती. बायकोच्या केंद्राच्या गावातल्या एका म्हातारीनं माझ्या गुडघ्यासाठी दिलेली. मी दोन्ही दिव्यांना ते तेल चोपडलं, फडक्यानं एकसारखं केलं आणि लांब जाऊन बघितलं. नवे दिवे! मी बरणी जागेवर ठेवली, काळं पाणी झाडलं आणि अंघोळ करून पेपर घेऊन बसलो. मी केलं ते लबाडीचं होतं हे मला त्याच वेळी कळत होतं. पण दोन-चार दिवस निभावतील, तेवढ्यात काहीतरी करू, असा विचार करून मी मूग गिळून बसलो.

ती आली, पिशव्या खाली ठेवून दिव्यांपुढं वाकली. बराच वेळ बघितलं.

"झालं?"

"झालं," मी म्हणालो.

ती इतकी खूश झाली की त्या दिवशी वांग्याच्या भाजीबरोबर माझ्या आवडीची पानगी पण केली. केंद्राच्या गावात जी खोली तिनं बघून ठेवली होती, त्या घरमालकिणीला फोन करून सांगितलं, सध्या थांबा. मी शेजारच्या खोलीतून ते ऐकलं आणि पानगी खाल्ली.

सोमवारी सकाळी गाडी पुसायला गेलो तर दिव्यांवर तेल थिजून तुपासारखं झालेलं. मोहाचं तेल थंडीत थिजतं. ही गोष्ट या भागात कोणालाही माहीत असेल, आणि दर हिवाळ्यात ती बाटली उन्हात ठेवणाऱ्या मलाही माहीत होती. मी फडकं गरम पाण्यात बुडवून ते तेल पसरवलं, परत चमक आली. ती पर्स घेऊन बाहेर आली तेव्हा मी फाटकाशी उभा राहून हात हलवत होतो.

तिला घरी यायला पावणेसात व्हायला हवे होते. पावणेसात झाले, सात झाले. जंगलाच्या पट्ट्यात फोनला रेंज नसते, तरी मी पाच मिनिटांनी एकदा लावत होतो. सव्वासातला मला राहवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन ती तेलाची बाटली उतरवली आणि आडवी केली. तेल हललं नाही. पांढरा गोळा तसाच्या तसा बाटलीच्या बुडाशी. मी ती बाटली हातात घेऊन दिवाणखान्यात उभा राहिलो आणि मला कळलं की या घडीला तिच्या दोन्ही दिव्यांवर हेच आहे, वर दिवसभराची धूळ आणि त्यात चिकटलेले किडे. खोली घेऊ दिली असती तर ती आता कोणाच्या तरी चुलीपाशी बसून भाकर खात असती. आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला, पण त्याचं बिल नेहमी मलाच आलं होतं. या वेळी ते दुसऱ्याच्या नावावर फाडलं होतं.

पावणेआठला गाडी आली. पुढं एक मोटारसायकल होती. तिच्यावरच्या दोघांनी आमच्या फाटकापाशी हात केला आणि ते गेले. बायको उतरली, नळावर पाय धुतले आणि ओसरीवर बसली.

"एवढा उशीर?"

"रस्त्यात जनावर बसलं होतं. मागून हे मोटारसायकलवाले येतवर मी थांबून राह्यली. मंग त्यायच्या मागं मागं आली."

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! जनावर म्हणजे गाय, फार तर बैल. आमच्या कोरपन्याच्या रस्त्यावरही संध्याकाळी गुरं बसतात, डांबर गरम असतं म्हणून. आणि हायसं वाटलं की मला लगेच अक्कल सुचते. मी म्हणालो, "अगं, मग हॉर्न वाजवायचा ना जोरात! जनावरं हॉर्नला उठतात. आणि नाहीच उठलं तर खाली उतरून हाकलायचं. त्यासाठी एवढा वेळ थांबतात का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "हो," म्हणाली. "चहा ठेवता का?"

चहा घेऊन आलो तेव्हा ती गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरून तशीच बसली होती. दमली असेल, असं मला वाटलं. पण ती मूठ बघून माझ्यानं राहवलं नाही. "ऐक. दिवे झालेले नाहीत. मी वरून तेल लावलं होतं."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "वास येत होता."

"माहीत होतं? मग गेलीस कशाला?"

"तुमी म्हटलं ना झालं म्हणून." तिनं कप खाली ठेवला. "मले वाटलं, आधी घासले असन नीट. तेल नुसतं वरून चमकायले मारलं असन."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी ओरडण्याला उत्तर देऊ शकतो, त्याची मला सवय आहे. मी कप उचलून आत नेला. दुसऱ्या दिवशी ती पिशवीत चार कपडे भरून सकाळच्या बसनं गेली, आणि शनिवारपर्यंत केंद्रातल्या एका बाईंच्या घरी राहिली. जाताना गाडीची किल्ली खुंटीला लावून गेली.

मी त्याच दिवशी अर्धी रजा टाकून चाचांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. चाचांनी घरी येऊन दिव्यांवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. दिव्याच्या कडेनं एव्हाना मुंग्यांची रांग लागली होती.

"कौनसा मंजन मारा आपने?"

मी सांगितलं.

चाचा खाली बसले. हसत हसत नव्हे, आधी नुसतेच बसले. मग हसू आलं तेव्हा ते पार ठसका लागेपर्यंत. "राखवाला काला मंजन? सर! उससे तो कढई घासते! मैं ट्यूबवाला सफेद बोला ना!"

"तुम्ही मंजन म्हणालात."

"हां तो मंजनच हुआ ना वो भी! दात घासने का है तो मंजन नही तो क्या?"

चाचांच्या घरी ट्यूबमधलं असो की बरणीतलं, दात घासायचं ते सगळं मंजन. मी पंचवीस वर्षं ग्रंथालयात काढली, शब्दकोशांची आख्खी मांडणी माझ्या हातची आहे, आणि एका शब्दाला दोन अर्थ असतात का हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. चाचांनी डोळे पुसले आणि मला हार्डवेअरच्या दुकानातून काय काय आणायचं ते एका पाकिटावर लिहून दिलं. वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर, चार वेगवेगळ्या नंबरांचे, जाड ते बारीक. रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून दिव्यांभोवती लावायची कागदी चिकटपट्टी. आणि रबिंगची, म्हणजे घोटून चमक आणायच्या मलमाची, छोटी डबी. सगळं मिळून नव्या जोडीच्या शेजारी उभं राहायला लाज वाटावी एवढंसं बिल झालं. चाचांनी बजावलं, "पहले और सफेद होगा. घबराना मत. और तेल मत लगाना."

मंगळवार ते शुक्रवार, रोज सव्वापाचपासून जेवणापर्यंत मी ओसरीच्या दिव्याखाली गाडीपुढं बसलो. पहिल्यांदा साबणाच्या पाण्यानं तेल काढलं. मग जाड पेपर. दिवा अगदी दह्यासारखा पांढरा झाला आणि मला घाम फुटला, पण मी घाबरलो नाही, म्हणजे घाबरलो पण थांबलो नाही. जाड पेपर आडवा मारायचा, त्याच्या पुढचा उभा, त्याच्या पुढचा परत आडवा. आधीच्या पेपरच्या रेषा पुढच्यानं पुऱ्या पुसल्या गेल्या की मगच पेपर बदलायचा. घाई केली तर ती रेषा शेवटी उजेडात सापडतेच. एका दिव्याला दोन संध्याकाळ लागल्या. घरात कोणी नव्हतं. मी गाडीशी बोलायला लागलो आणि तिला सूचनाही करायला लागलो.

शुक्रवारी मी कापडावर रबिंग घेऊन घोटत होतो तेव्हा चाचा बघायला आले. थोडा वेळ माझ्या हाताकडे बघत उभे राहिले. "सर, आप खर्रा घरपे घोटते क्या?"

मी दचकलो. ठेल्यावर खर्रा महाग पडतो म्हणून मी सुपारी, तंबाखू आणि चुना आणून प्लास्टिकच्या कागदात घरीच घोटतो, तेही बायको कामावर गेल्यावर, मागच्या अंगणात. घरी घोटतो हे पंचवीस वर्षांत कोणाला कळलं नव्हतं.

"तळवा बैठा हुआ है," चाचा म्हणाले. "एक सरीखा दाब. पोरों को सिखाने से नही आता ये."

माझ्या हाताच्या कामाची आयुष्यात पहिल्यांदा तारीफ झाली, आणि ती त्या व्यसनामुळे, ज्यावरून बायको मला दर महिन्याला तोंडाच्या कॅन्सरचे फोटो दाखवते. ही तारीफ तिला सांगताही येणार नव्हती. शनिवारी सकाळी चाचांनी गाडी दुकानात नेऊन दोन्ही दिव्यांवर पारदर्शक लॅकरचा हात मारून दिला. नाही तर ऊन लागून वर्षाच्या आत परत पांढरे पडतात म्हणे. शनिवारी दुपारी दिवे कोरडे होते आणि स्वच्छ होते. मी तीन वेळा हात फिरवून बघितलं की कोरडेच आहेत.

संध्याकाळी उशिरा ती जीपनं आली. दिव्यांपुढं वाकली, बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. या वेळी 'झालं का' असं तिनं विचारलं नाही. ती म्हणाली, "उद्या सहाले जाऊन पाहू. तुमी पण चला."

रविवारी सहाला निघालो. ती चालवत होती. वैनगंगेच्या पुलापर्यंत दुकानांचा उजेड होता, पुढं तो संपला आणि आमचे दिवे एकटे उरले. उजेड लांबवर, सरळ पडत होता. झाडांच्या बुंध्यांवर रंगवलेले पट्टे एकामागून एक पेटल्यासारखे दिसत होते, रस्त्याच्या कडेचं वाळलेलं गवत काडी काडी दिसत होतं. मी खूश होतो, पण माझं लक्ष दिव्यांवरून उडालं. दोन्ही बाजूंनी सागाची आणि बांबूची इतकी दाटी, आणि किती वेळ झाला तरी एक माणूस नाही, एक घर नाही. दिवस मावळल्यावर या रस्त्यानं मी त्याआधी एकदाही आलो नव्हतो. मी सव्वापाचला घरी असतो.

एका रपट्यापाशी, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलापाशी, तिनं गाडी हळू केली. "इथी," ती म्हणाली. "त्या दिवशी."

मी समोर बघितलं. स्वच्छ डांबर, कडेचे दगड, पलीकडं बांबूचं बेट. सगळं दिसत होतं. "इथं बसली होती होय तुझी गाय?"

"गाय कोन म्हटलं?"

मी तिच्याकडे वळलो. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि डोळे रस्त्यावर.

"जनावर म्हटलं मी. इथी सांजच्याले त्याचं नाव घेत नाई कोनी." ती हळू बोलत होती. "इतक्या जवळ होता, त्या दगडापाशी. लाइट नुसता पांढरा पडत होता, तं मले बी दगडच वाटला. दाहा हातावर गेली गाडी. मंग दगडानं मान वळवली, तं पट्टे दिसले. मांगं घ्यावं तं मांगचं दिसत नाई, लाइट बंद करावा तं हिंमत होईना. वीस मिनिटं बसून होती मी, मोटारसायकल आली तवा तो उठून बांबूत गेला."

हॉर्न वाजव. खाली उतरून हाकल. मी हे ओसरीवर उभा राहून, पोटभर श्वास घेऊन बोललो होतो.

"मला त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुमी हॉर्नचं सांगून राह्यले होते."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. जे झालं तेच तिनं सांगितलं. मला रडू आलं, आणि ते लपवायला खिडकीबाहेर बघावं तर खिडकीबाहेर बघायची भीती वाटली. शेवटी मी समोरच बघत म्हणालो, "तू खोली घे. उद्याच घे. हिवाळाभर तिथंच राहा, मी राहीन एकटा. मला करमणार नाही, पण तू घे."

मग तिनं दिव्यांचा मोठा उजेड लावला. रपटा, नाला, त्यापुढचं वळण आणि वळणापलीकडची झाडंसुद्धा उजळली.

"आता खोली कायले?" ती म्हणाली आणि गाडी पुढं काढली. "आता तं दिसून राह्यलं."